भास्कराचार्य ते गणेश दैवज्ञ : ज्योतिषातील गणित आणि फलित यांचे नाते

पलभा

सर्वांना नमस्कार.

भास्कराचार्यांविषयी मराठीत लिहिताना त्यांच्यातला गणिती तेवढा वेगळा काढून घ्यायची आपल्याकडे सवय आहे. त्याच घराण्याने, त्याच विद्येच्या बळावर राजदरबारी भूषवलेले ज्योतिषीपद मग तळटीपेत जाते. उलट, फलज्योतिषाचे अभिमानी भास्कराचार्यांचे नाव आधाराला घेतात. मात्र त्यांनी ज्योतिषाला घातलेली गोलाची (खगोलाच्या भूमितीची) आणि गणिताची अट त्यांच्या बोलण्यात येत नाही. या दोन्ही चित्रांत मध्ययुगीन विद्वान आपल्याला त्याच्या स्वतःच्या शब्दांत भेटत नाही असे मला वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

मागच्या श्रावणात चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला गेले होते. याच पाटण गावचा शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला. त्यात भास्कराचार्यांची वंशावळ आहे: त्रिविक्रमापासून वडील महेश्वरापर्यंत, आणि पुढे पुत्र लक्ष्मीधर व नातू चांगदेव. लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपालाने आपल्या पदरी नेले आणि चांगदेव यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी झाला. सिद्धांतशिरोमणी हा भास्कराचार्यांचा खगोलगणिताचा ग्रंथ आणि घराण्यातील इतर ग्रंथ यांच्या अध्ययनासाठी चांगदेवाने मठ स्थापला, आणि यादवांचा मांडलिक निकुंभवंशीय सोइदेव याने त्या मठाला दान दिले. दानाची वेळ लेखात नोंदलेली आहे: श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहणाचा समय. आजच्या गणनेने ती तारीख ९ ऑगस्ट १२०७ येते.

हे चित्र जरा डोळ्यांसमोर आणावे. ग्रहण म्हणजे पृथ्वीच्या छायेत चंद्राचा प्रवेश, हे ज्या ग्रंथात सिद्ध केले आहे, त्याच ग्रंथाच्या पठणासाठी दिलेले दान ग्रहणाचा पुण्यकाळ साधून हातावर पाणी सोडून दिले गेले, आणि त्या प्रसंगी उपस्थित असलेल्या कोणालाही त्यात विसंगती दिसली नाही. विसंगती आपल्याला दिसते. त्यांना ती का दिसली नाही, हा माझा प्रश्न आहे.

उत्तराची सुरुवात भास्कराचार्यांच्याच शब्दांत सापडते असे मला वाटते. सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्याय या भागाच्या आरंभी ते म्हणतात, «ज्योतिःशास्त्रफलं पुराणगणकैरादेश इत्युच्यते», म्हणजे ज्योतिःशास्त्राचे फळ आदेश, अर्थात भविष्यकथन, असे जुने गणक सांगतात. पुढे ते एकेक पायरी उतरत जातात: आदेश लग्नावर (त्या वेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीवर) अवलंबून, लग्न स्पष्ट ग्रहांवर (ग्रहांच्या गणिताने काढलेल्या खऱ्या स्थानांवर), स्पष्ट ग्रह गोलावर, आणि गणितावाचून गोल कळत नाही; तेव्हा ज्याला गणित येत नाही त्याला गोल तरी कसा कळणार? गणिताच्या समर्थनासाठी फलिताचा आधार आणि फलिताच्या डोक्यावर गणिताची अट, असा हा दुहेरी युक्तिवाद आहे. जाणकारांनी यावर लिहावे, अशी विनंती.

दशांश

धागा उत्तम आहे, पण मला आपला निष्कर्ष मान्य नाही. त्या श्लोकातील «पुराणगणकैः» हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. फळ म्हणजे आदेश, असे जुने गणक म्हणतात. भास्कराचार्य स्वतःच्या तोंडून तसे म्हणत नाहीत. त्यांची ख्याती आहे ती सिद्धांतशिरोमणी, करणकुतूहल आणि त्यांच्या आधीचा ज्योतिषी लल्ल याच्या ग्रंथावरील टीका यांमुळे. जातकावरचा, म्हणजे जन्मकुंडलीच्या फळांवरचा, ग्रंथकार म्हणून त्यांना कोणी ओळखत नाही. माझ्या मते राजाश्रय टिकावा आणि विद्यार्थी मिळावेत यासाठी त्यांनी लोकांना रुचेल असे प्रयोजन पुढे ठेवले, आणि मन मात्र गणितात गुंतलेले होते. लीलावती या त्यांच्या अंकगणिताच्या ग्रंथातली उदाहरणे वाचताना तो आनंद लपत नाही.

शिवाय ज्या माणसाला ग्रहणाचे कारण नेमके माहीत आहे, तो त्या ग्रहणाचे शुभाशुभ मनापासून मानत असेल यावर विश्वास ठेवणे मला कठीण जाते.

संस्कृताभ्यासी

«कारण कळले म्हणजे अर्थ संपला» ही आपली आजची धारणा आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराची बृहत्संहिता उघडली तर ही धारणा त्या काळाला लावता येत नाही, हे लगेच दिसते. त्यातील राहुचार नावाच्या अध्यायात तो राहूच्या मुंडक्याच्या कथेचे एकेक मुद्दा घेऊन खंडन करतो आणि सांगतो, «भूच्छायां स्वग्रहणे भास्करमर्कग्रहे प्रविशतीन्दुः»: आपल्या ग्रहणात चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरतो आणि सूर्यग्रहणात तो सूर्यबिंबावर येतो. त्याच अध्यायात, त्याच लेखणीने, ग्रहण कोणत्या महिन्यात झाले, कोणत्या दिशेने लागले, ग्रस्त बिंबाचा रंग कोणता होता, यांवरून कोणत्या देशाला काय फळ मिळेल, याची लांबलचक वर्णने येतात. दोन्हींच्या मध्ये कसलीही क्षमायाचना नाही. ग्रहण कसे घडते हा एक प्रश्न, आणि ते काय सुचवते हा दुसरा. पहिल्याच्या उत्तराने दुसरा रद्द होत नाही, अशी ती विचारसरणी आहे.

भास्कराचार्यांकडे येऊ. गोलाध्यायातील ग्रहणवासना या प्रकरणात ते दाखवतात की चंद्रग्रहणाचा स्पर्श पूर्वेकडून होतो तर सूर्यग्रहणाचा पश्चिमेकडून, आणि दोन्ही वेळा झाकणाऱ्याचा आकारही सारखा नसतो. म्हणून दोहोंचा छादक एकच राहू असू शकत नाही. एवढे सिद्ध केल्यावर ते लिहितात:

राहुः कुभामण्डलगः शशाङ्कं
शशाङ्कगश्छादयतीनबिम्बम् ।
तमोमयः शंभुवरप्रदानात्
सर्वागमानामविरुद्धमेतत् ॥

तमोमय राहू शंकराच्या वराने पृथ्वीच्या छायेत शिरून चंद्राला, आणि चंद्रात शिरून सूर्याला झाकतो. त्यामुळे कोणत्याही आगमाशी विरोध उरत नाही. राहूला त्यांनी हाकलले नाही. त्याच्याकडचे काम काढून घेतले आणि त्याची जागा राखली. गणिताचा एकही अंक या श्लोकाने बदलत नाही, आणि श्रुतिस्मृतींत सांगितलेले ग्रहणकालीन स्नान व दानही निराधार होत नाही.

दशांश यांनी मांडलेला संशय नवा नाही, हेही नोंदवले पाहिजे. मध्य आशियातील विद्वान अल्-बिरूनी याने १०३० च्या सुमारास भारतावर लिहिताना नेमका हाच आक्षेप सातव्या शतकातील ब्रह्मगुप्तावर घेतला होता. ग्रहणाचे खरे कारण जाणणारा हा गणिती राहूची बाजू का घेतो, असे विचारून, सॉक्रेटिसावर ओढवली तशी आपत्ती टाळण्यासाठी त्याने तसे केले असावे, असा तर्क तो मांडतो. अल्-बिरूनीविषयी मला आदर आहे, पण हा तर्क मला पटत नाही. भारतीय परंपरेत ग्रहणाचे गणिती कारण सांगितल्याबद्दल कोणाला विषाचा प्याला दिल्याचे दिसत नाही. आर्यभटाने तर पृथ्वी स्वतःभोवती फिरते असेही लिहिले, आणि त्याबद्दल त्याच्या वाट्याला आली ती ब्रह्मगुप्तादिकांची शास्त्रीय टीका.

चाळीसगावचा वाचक

आमच्या भागाचा विषय निघाला म्हणून एक भर घालतो. पाटणच्या लेखाबरोबर गिरणाकाठच्या बहाळचा लेखही वाचला पाहिजे. तो शके ११४४ चा, म्हणजे १२२२ चा आहे, आणि भास्कराचार्यांचे बंधू श्रीपती यांचा नातू अनंतदेव याचा आहे. हाही सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. त्याने दोन टीका लिहिल्याचे लेखात सांगितले आहे: एक ब्रह्मगुप्ताच्या ब्राह्मस्फुटसिद्धांतातील छंदश्चित्युत्तर या अवघड अध्यायावर, आणि दुसरी वराहमिहिराच्या बृहज्जातकावर. एक निव्वळ गणिताचा, दुसरा निव्वळ कुंडलीचा. मंदिराच्या दगडावर दोन्हींचा उल्लेख सारख्याच अभिमानाने कोरला आहे. पोटासाठी केलेले काम कोणी असे कोरून ठेवत नाही.

दशांश

बहाळच्या लेखाची माहिती मला नव्हती. हा पुरावा माझ्या मताच्या विरुद्ध जातो, हे मी मान्य करतो. तरी अनंतदेव म्हणजे भास्कराचार्य नव्हेत, एवढे म्हणण्यास जागा आहे.

अहर्गण

मी व्यवसायाने गणित शिकवतो आणि गेली काही वर्षे ग्रहलाघव या सोळाव्या शतकातील ग्रंथातल्या रीतींनी हाताने ग्रह काढून पाहतो आहे. चर्चा श्लोकांवर चालली आहे, तिला थोडी अंकांची जोड द्यावी असे वाटते. कारण गणित आणि फलित यांचा खरा सांधा अंकांतच आहे.

तीन शतके पुढे, कोकणात मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावात या. तिथला केशव दैवज्ञ हा माझ्या दृष्टीने या काळातील सर्वांत विलक्षण माणूस आहे. त्याचा ग्रहकौतुक हा करणग्रंथ (ग्रहगणिताचा व्यवहारी ग्रंथ) शके १४१८ चा, म्हणजे १४९६ चा. ब्राह्म, आर्य आणि सौर या तिन्ही पक्षांच्या, म्हणजे गणितपरंपरांच्या, ग्रंथांवरून काढलेले ग्रह आकाशात दिसणाऱ्या ग्रहांशी जुळत नाहीत, हे त्याने स्वतः वेध घेऊन, म्हणजे आकाशातली स्थाने मोजून, पाहिले. ग्रहकौतुकाच्या टीकेत त्याने पुढच्या गणकांना सांगून ठेवले आहे की ग्रहांच्या ताऱ्यांशी व एकमेकांशी होणाऱ्या युती आणि उदयास्त पाहून आपापल्या काळी गणितात दुरुस्ती करावी. आपला ग्रंथही एक दिवस चुकेल आणि तो दुरुस्त करावा लागेल, असे ग्रंथकाराने स्वतः लिहून ठेवावे, याला मोठे मन लागते. आणि जातकपद्धती व मुहूर्ततत्त्व हे ग्रंथही याच केशवाचे आहेत. पहिला ग्रंथ कुंडली गणिताने कशी मांडावी आणि ग्रहबल कसे काढावे हे सांगतो, दुसरा मुहूर्ताचा आहे. रात्री वेध घेणारा आणि दिवसा मुहूर्त सांगणारा माणूस एकच होता.

त्याचा मुलगा गणेश दैवज्ञ. त्याचा ग्रहलाघव शके १४४२ चा, म्हणजे १५२० चा. ग्रंथाच्या आरंभीच त्याने कोणता ग्रह कोणत्या पक्षाचा घेतला असता आकाशाशी जुळतो ते सांगितले आहे. चंद्र सौरपक्षाचा घ्यावा, पण ९ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कमी करून. शनी आर्यपक्षाचा, पण ५ अंश अधिक करून. शुक्राचे केंद्र (त्याचे स्पष्ट स्थान काढण्यासाठी लागणारा कोन) ब्राह्म आणि आर्य या दोन पक्षांच्या मध्यावर. अशाने ग्रह दृक्तुल्य होतात, म्हणजे दिसतात तिथेच गणिताने येतात. एकाच पक्षाशी निष्ठा न ठेवता, प्रत्येक ग्रहासाठी जो पक्ष खरा ठरला तो घेतला, हे धाडस लक्षात घेण्याजोगे आहे.

आता या दुरुस्त्यांचे मोल पाहू. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यात पडणारे १२ अंशांचे अंतर. हे अंतर सरासरी दिवसाला १२ अंश ११ कला या वेगाने वाढते. तेव्हा चंद्र ९ कला इकडेतिकडे झाला, तर तिथीचा शेवट सुमारे १८ मिनिटांनी, म्हणजे पाऊण घटीने सरकतो. पौर्णिमा पाऊण घटी चुकली तर चंद्रग्रहणाचा मध्यही तेवढाच चुकतो, आणि ग्रहण ही गोष्ट सगळे गाव पाहत असते. गणकाची चूक तिथे झाकता येत नाही.

शनीचे तर याहून मोठे आहे. त्याला एक अंश चालायला सरासरी महिना लागतो. त्याच्या मध्यम स्थानात ५ अंशांची भर घालणे म्हणजे त्याचे राशिसंक्रमण सुमारे पाच महिने अलीकडे आणणे. जुन्या ग्रंथाने कुंडली मांडणाऱ्याचा शनी जिथे मागच्या राशीत राहिला असता, तिथे नांदगावच्या गणिताने तो पुढच्या राशीत गेला. राशीवर फळ सांगणाऱ्याला याहून मोठा फरक कोणता? म्हणून दृक्तुल्यतेची ओढ ही फलितापासून दूर जाणारी नव्हती. फलित खरे यावे, ही तिच्यामागची एक मोठी निकड होती.

जाता जाता ग्रहलाघवाचे एक सौंदर्यही सांगतो. सिद्धांतग्रंथात दिवसांची मोजणी कल्पारंभापासून, म्हणजे अब्जावधी वर्षांपूर्वीपासून करायची. कलियुगारंभापासून मोजले तरी शके १४४२ पर्यंत १६ लाख ८७ हजारांवर दिवस होतात. गणेशाने ११ वर्षांचे एक चक्र घेतले. ११ वर्षांत १३२ अधिक ४ अधिकमास मिळून १३६ चांद्रमास येतात, त्यांचे दिवस ४०१६. म्हणून अहर्गण, म्हणजे मोजायच्या दिवसांची संख्या, कधीच या आकड्यापलीकडे जात नाही. ज्या (साइन) आणि चाप (वर्तुळाचा कंस) यांची कोष्टकेही त्याने टाकून दिली आणि त्यांच्या जागी सोप्या रीती बसवल्या. लहान अहर्गण आणि पाठ करता येणारे श्लोक एवढ्यावर खेड्यातल्या जोश्याला पंचांग करता आले. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकापर्यंत बहुतेक पंचांगे याच ग्रंथावरून होत असत, यात नवल नाही.

घटिकापात्र

अहर्गण यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. तरीही एक मूलभूत हरकत नोंदवतो. या धाग्यात तीन वेगळ्या गोष्टी «फलित» या एकाच शब्दाखाली येत आहेत. तिथी, ग्रहण, संक्रांत यांचा काळ ठरवणे हे धर्मकृत्याच्या कालनिर्णयाचे काम आहे. त्यात भविष्यकथन नाही. लग्नमुंजीचा मुहूर्त ही दुसरी गोष्ट, आणि जन्मकुंडलीवरून आयुष्य सांगणे ही तिसरी. पाटणच्या दानाचा ग्रहणकाल पहिल्या प्रकारात मोडतो. ग्रहणात दान द्यावे हा धर्मशास्त्राचा नियम आहे, त्यासाठी जातकावर विश्वास असण्याची गरज नाही. भास्कराचार्यांनीही, वेद यज्ञासाठी आणि यज्ञ कालावर अवलंबून, म्हणून कालाचा बोध करणारे हे शास्त्र वेदांग, असा युक्तिवाद आरंभी दिला आहे.

इस्लामी जगाकडे पाहिले तर हा भेद अधिक स्पष्ट दिसतो. तिथे आकाशाच्या रचनेचे शास्त्र आणि ताऱ्यांवरून निर्णय सांगण्याचे शास्त्र यांना वेगळी नावे होती, आणि इब्न सीनासारख्या तत्त्वज्ञाने दुसऱ्याचे खंडन केले होते. दमास्कसच्या उमय्यद मशिदीत इब्न अल्-शातिर (१३०४ ते १३७५) हा नमाजाच्या वेळा ठरवणारा अधिकारी होता, आणि त्याने बसवलेली ग्रहगतीची प्रतिमाने त्या युगातील सर्वोत्तम प्रतिमानांत गणली जातात. त्याची अन्नदात्री कुंडली नव्हती, प्रार्थनेची वेळ होती. आपल्याकडेही अन्नदात्री मुख्यतः तिथीच असावी, असे मला वाटते.

पलभा

घटिकापात्र, आपली हरकत योग्य आहे आणि मूळ लेखात मी हा भेद केला नाही, ही माझी उणीव झाली. पाटणचा ग्रहणकाल धर्मकृत्याचा आहे, हे मान्य.

तरी दोन गोष्टी मांडते. पहिली म्हणजे, हा भेद आपल्या परंपरेने वेगळ्या रेषेवर केला आहे. वराहमिहिराने ज्योतिःशास्त्र स्कंधत्रयावर उभे केले: गणित, संहिता (ग्रहणासारख्या घटनांची देशाला मिळणारी फळे) आणि होरा (कुंडली). स्कंध म्हणजे एकाच झाडाची फांदी. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासातही हीच स्कंधांची मांडणी ठेवली. अनंतदेव, केशव, गणेश हे सगळे एका झाडावर वावरणारे आहेत. गणेशाने लीलावतीवर टीका लिहिली, तशीच विवाहवृंदावन या मुहूर्तग्रंथावरही लिहिली.

दुसरी गोष्ट अशी की, स्कंध एका झाडाचे असले तरी त्यांची प्रतिष्ठा सारखी नव्हती. सिद्धांतशिरोमणीच्या कालमानाध्यायात भास्कराचार्य म्हणतात की जातक आणि संहिता जाणणारा, पण अनंत युक्तींनी भरलेला सिद्धांत न जाणणारा ज्योतिषी भिंतीवर रंगवलेल्या राजासारखा किंवा लाकडाच्या घडीव सिंहासारखा असतो. मला हे वाक्य दशांश यांच्या आणि माझ्या म्हणण्याच्या मध्ये उभे असलेले दिसते. फलित नाकारलेले नाही. पण गणिताशिवाय फलित सांगणाऱ्याला शास्त्रात जागा नाही, हे इतक्या ठामपणे क्वचितच कोणी म्हटले असेल.

विदर्भवासी

दोन मुद्दे आहेत, दोन्ही मराठी माणसाला जवळचे.

पहिला श्रीपतीविषयी. हा भास्कराचार्यांचा बंधू नव्हे, त्यांच्याआधी शतकभर, शके ९६१ च्या सुमारास झालेला ग्रंथकार. त्याचे रोहिणीखंड हे गाव म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड, असे सामान्यतः मानले जाते. सिद्धांतशेखर हा त्याचा गणिताचा ग्रंथ, आणि ज्योतिषरत्नमाला मुहूर्ताचा. या रत्नमालेवर जुन्या मराठीत टीका आहे, आणि ती स्वतः श्रीपतीचीच असेल तर मराठीतील अगदी आद्य गद्यग्रंथांत तिची गणना करावी लागते. अभ्यासकांत याविषयी मतभेद आहेत. तरी एवढे खरे की, आपल्या भाषेने शास्त्र सांगण्यासाठी जी पहिली पावले टाकली, त्यांतले एक मुहूर्तशास्त्राच्या अंगणात पडले आहे.

दुसरा मुद्दा उसनवारीचा. ग्रीकांकडून आलेले केंद्र, होरा, लिप्ता, द्रेक्काण, जामित्र हे शब्द आपण विसरून गेलो, इतके ते आपले झाले. त्यांतले केंद्र आणि लिप्ता (कला) गणिताचे काम करतात, जामित्र (सातवे स्थान) आणि द्रेक्काण (राशीचा तिसरा हिस्सा) कुंडलीचे. म्हणजे गणित आणि फलित एकाच प्रवासात एकत्र आले. पुढे हेच पुन्हा घडले. अरबी-फारसी वर्षफलपद्धती ताजिक या नावाने संस्कृतात आली, आणि इत्तिसालचे इत्थशाल, इक्बालचे इक्कबाल, सह्मचे सहम असे शब्द श्लोकांत बसले. या विषयावरचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ, ताजिकनीलकंठी, शके १५०९ मध्ये नीलकंठ दैवज्ञाने लिहिला; त्याचा धाकटा भाऊ राम हा मुहूर्तचिंतामणीचा कर्ता. हे घराणे मूळचे विदर्भाकडचे आणि पुढे काशीत नांदलेले. यंत्रांचेही तसेच आहे. फिरोजशाह तुघलकाच्या दरबारी महेंद्रसूरी या जैन मुनीने १३७० मध्ये यंत्रराज लिहून अस्तुरलाब, म्हणजे ग्रहताऱ्यांची उंची मोजण्याचे यंत्र, संस्कृतात आणले.

वराहमिहिराने यवनांविषयी उद्धृत केलेले जुने वचन इथे आठवते: ते म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यात नीट प्रतिष्ठित आहे, म्हणून त्यांनाही ऋषींसारखा मान दिला जातो. शास्त्र ज्याच्याकडे चांगले, त्याच्याकडून ते घ्यावे, हा मोकळेपणा त्या विद्वानांमध्ये होता, याचे मला फार अप्रूप वाटते.

दशांश

एवढे सगळे वाचल्यावर माझे पहिले मत मी मागे घेतो. फलित हे केवळ पोटासाठी ओढलेले पांघरूण होते, असे म्हणता येणार नाही.

पण एक प्रश्न अधिकच टोकदार झाला आहे. केशवाने शनी तपासला आणि तो चुकलेला आढळल्यावर दुरुस्त केला. त्याच केशवाने जातकातील एखादे फळ तपासले का? शंभर कुंडल्या घेऊन, सांगितलेले किती खरे ठरले, अशी मोजणी या परंपरेत कोणी केली का? ग्रहाच्या स्थानाला प्रत्यक्षाची कसोटी आणि फळाला मात्र ऋषिवचनाची, हा भेद ज्यांना गणितात कलेकलेचा हिशोब कळत होता त्यांना कळला नसेल का? युरोपातही तेच दिसते. १३४८ मध्ये पॅरिसच्या वैद्यक विभागाने महामारीचे कारण १३४५ च्या कुंभेतील शनी, गुरू आणि मंगळ यांच्या युतीत शोधले. युती खरी होती, तिचे गणित बरोबर होते, आणि निष्कर्ष कोणीही पडताळला नाही. फ्रेंच विद्वान निकोल ओरेम याने त्याच शतकात गणिताच्याच वाटेने भविष्यकथनावर आक्षेप घेतले. तसा आक्षेप आपल्याकडच्या एखाद्या गणकाने घेतलेला मला माहीत नाही.

संस्कृताभ्यासी

दशांश यांचा प्रश्न रास्त आहे. मी त्याचे समर्थन शोधत नाही, पण तो भेद त्यांना का खटकला नसावा, याचा एक धागा वराहमिहिरात सापडतो.

बृहत्संहितेच्या आदित्यचार अध्यायाच्या प्रारंभी तो म्हणतो की आश्लेषाच्या अर्धावर दक्षिणायन आणि धनिष्ठेच्या आरंभी उत्तरायण, हे एके काळी खरे असले पाहिजे, कारण पूर्वशास्त्रांत तसे सांगितले आहे. सध्या मात्र ही अयने कर्क आणि मकर यांच्या आरंभी होतात. सांगितलेल्यापेक्षा वेगळे घडले तर ते प्रत्यक्ष परीक्षेने कळते. परीक्षा कशी करावी तेही तो देतो: सूर्योदयाच्या किंवा सूर्यास्ताच्या वेळी दूरच्या खुणेशी वेध घ्यावा, किंवा मोठ्या वर्तुळात शंकूची (उभ्या रोवलेल्या काठीची) छाया शिरते व बाहेर पडते तिथे खुणा कराव्यात. इथपर्यंत आपण आजच्या वेधशाळेत आहोत असे वाटते. लगेच पुढचा श्लोक येतो: मकरापर्यंत न पोहोचताच सूर्य मागे वळला तर तो पश्चिम आणि दक्षिण दिशांचा नाश करतो.

म्हणजे गणिताने अपेक्षित स्थिती ठरवायची, वेधाने प्रत्यक्ष स्थिती पाहायची, आणि दोहोंत फरक पडला तर त्याचे दोन अर्थ संभवतात: गणित जुने झाले, किंवा आकाशात उत्पात झाला. केशव आणि गणेश यांच्यापर्यंत येताना यातला पहिला अर्थ बळावला. फरक दिसला की करण दुरुस्त करायचे, ही रीत झाली. ग्रहगतीच्या बाबतीत उत्पाताची जागा आकुंचित होत गेली, हा खरा बदल आहे, आणि तो फलज्योतिष करणाऱ्या माणसांनीच घडवला. फळाच्या पडताळ्यापर्यंत तो पोहोचला नाही, हे दशांश यांचे म्हणणे खरे आहे.

अहर्गण

यात एका व्यावहारिक अडचणीची भर घालतो. फळ पडताळायचे तर जन्मवेळ नेमकी हवी. लग्न चार मिनिटांत सरासरी एक अंश पुढे जाते. घटिकापात्र (वेळ मोजण्याचे, तळाला छिद्र असलेले भांडे) पाण्यावर सोडायला थोडा उशीर झाला, सुईण धावत आली तोवर काही पळे गेली, की लग्न बदलले. भाकीत चुकले तर दोष वेळेवर टाकण्याची सोय कायमच उपलब्ध होती. ग्रहणाला ही सोय नाही. भास्कराचार्यांची कन्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या लीलावतीच्या विवाहाची जी आख्यायिका अकबराच्या दरबारातील कवी फैजीच्या १५८७ च्या फारसी अनुवादापासून प्रचलित झाली, तीही नेमकी याच जागेवर बोट ठेवते: घटिकापात्रात मोती पडतो, छिद्र बुजते, आणि मुहूर्त टळतो. कथा ऐतिहासिक मानण्यास आधार नाही, पण ती रचणाऱ्याला गणकाची अडचण नीट ठाऊक होती. पात्र चुकले असे कथा सांगते. शास्त्र चुकले असे ती कधीच म्हणत नाही.

घटिकापात्र

मी हेच नाव घेऊन या मंचावर वावरतो, त्यामुळे हा प्रतिसाद मनाला भिडला. माझी अन्नदात्रीविषयीची शंका मात्र अजून शिल्लक आहे. पाटणच्या मठाला नेमके काय दिले गेले होते? जमीन, की धान्य, की रोख?

चाळीसगावचा वाचक

याचे उत्तर त्या दगडावरच आहे, आणि ते आपल्या भाषेत आहे. लेखाचा वरचा भाग, वंशावळ आणि स्तुती, संस्कृतात आहे. दानाचा व्यवहारी तपशील आला की भाषा मराठी होते, कारण तो बाजारातल्या माणसांना कळायला हवा होता. पाटणच्या पेठेत जे केणे, म्हणजे विक्रीचा माल, उघडले जाईल, त्यावर ग्राहकाकडून राउळाला, अर्थात राजाला, जो कर मिळत असे तो मठाला दिला. ग्राहकांकडून पाच पोफळी, म्हणजे सुपाऱ्या. जेवढे घाणे चालतील त्या प्रत्येकाचे पळी पळी तेल. माल मोजायचा तो मठाच्या मापाने, आणि मापणावळीतला अर्धा वाटा मठाचा, अर्धा मापाऱ्याचा.